गव्हातली वर्तुळं आणि दोन मित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातली. बरीच वर्षं झाली, इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. विल्टशर परगण्यातल्या या शहरात गोव्याची माणसं इतकी आहेत की बाजारात कोंकणी सहज कानावर पडते. इथून दक्षिणेला अर्धा तास गेलं की क्रॉप सर्कलचा मुलूख लागतो. दर उन्हाळ्यात घरी कुणी ना कुणी पाहुणं असतं, मी त्यांना तिकडे घेऊन जाते आणि गाडीतच प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डग आणि डेव्ह ही दोन नावं उत्तरांत पुन्हा पुन्हा येतील, कारण माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट त्यांच्या मैत्रीची आहे.

क्रॉप सर्कल म्हणजे नेमकं काय?

उभ्या पिकात आडवं करून काढलेली आकृती. पीक कापलेलं नसतं, उपटलेलं नसतं, जाळलेलंही नसतं. अवकाळी पाऊस-वाऱ्यानंतर आपल्याकडे गहू लोळतो, तसा तो लोळवलेला असतो, फक्त एका दिशेने आणि ठरवून. सुरुवातीला साधी गोल वर्तुळंच असत, म्हणून ते नाव पडलं. पुढे चौकोन आले, सरळ रेषा आल्या, फिरक्या आल्या, तरी नाव तेच राहिलं.

बांधावर उभं राहून यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. पिकात एक खळगा पडल्यासारखा वाटतो, एवढंच. आकृती दिसते ती टेकडीवरून किंवा विमानातून.

ती परग्रहावरच्या लोकांनी केलेली असतात का?

नाही. माणसं करतात. वाऱ्याने पीक वेडंवाकडं लोळतं हे खरं, पण ज्या आकृत्यांचे फोटो आपण बघतो त्या माणसांच्याच असतात. पाहुण्यांपैकी निम्म्यांचा चेहरा हे ऐकून पडतो. त्यांना मी एकच विनंती करते: पुढचं ऐका आणि मग ठरवा, गोष्ट लहान झाली की मोठी झाली.

डग आणि डेव्ह कोण होते?

डग बाउअर आणि डेव्ह चोर्ली. दोघेही विल्टशरला लागून असलेल्या हॅम्पशर परगण्यातल्या साउदॅम्प्टनचे. डगचं चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. दोघांनाही जलरंगात चित्रं काढायचा नाद. शुक्रवारी संध्याकाळी भेटायचं, विंचेस्टरजवळच्या पबमध्ये बिअर घ्यायची, चित्रांबद्दल आणि इकडचंतिकडचं बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अशाच एका उन्हाळी संध्याकाळी पबमधून निघून ते शेताच्या कडेने फिरत होते आणि डगला जुनी गोष्ट आठवली. तिथून सुरुवात झाली.

त्या वेळी डग पन्नाशी ओलांडलेला होता, डेव्ह पन्नाशीला टेकलेला. याकडे माझं लक्ष सारखं जातं. शाळा-कॉलेजातल्या मैत्रीवर आपण भरपूर बोलतो. पन्नाशीच्या दोन संसारी पुरुषांनी एकमेकांच्या सोबतीने रात्री ओल्या गव्हात गुडघ्यावर रांगावं आणि पुढची बारा-तेरा वर्षं दर उन्हाळ्यात रांगत राहावं, ही मैत्री वेगळ्याच जातीची आहे.

डगला आठवलेली जुनी गोष्ट कोणती?

ऑस्ट्रेलियातली. डग 1958 ते 1966 ही वर्षं तिकडे राहत होता. जानेवारी 1966 मध्ये क्वीन्सलंड राज्यातल्या टली गावाजवळ केळीची शेती करणाऱ्या एका शेतकऱ्याने सांगितलं, की पाणथळीवरून तबकडीसारखं काहीतरी वर उठताना आपण पाहिलं आणि खालच्या लव्हाळ्यात गोल घरटं पडलेलं दिसलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘उडत्या तबकडीचं घरटं’ म्हटलं. डगच्या मनात ते राहून गेलं होतं. हॅम्पशरच्या शेताकडे बघताना तो डेव्हला म्हणाला, की इथे असं एक गोल केलं तर लोकांना वाटेल, तबकडी उतरली.

ते करत कसे? अवजारं कोणती?

पहिलं अवजार होतं डगच्या दुकानाचा दरवाजा आतून लावायचा लोखंडी अडसर. तो आडवा धरून, गुडघ्यावर रांगत, गोल गोल फिरत त्यांनी पहिला गहू झोपवला. त्या कामाने पाठीचं काय होत असेल ते गव्हात कधी खुरपणी केली असेल त्यालाच कळेल. लवकरच अडसराच्या जागी फळी आली. लाकडाची साधी फळी, दोन्ही टोकांना दोरी बांधलेली. दोरीचा फास हातात धरायचा, फळीवर पाय ठेवून दाबायचं, दोरीने फळी उचलून पुढे टाकायची, पुन्हा दाबायचं. आजही मंडळी हीच पद्धत वापरतात.

वर्तुळ काढायला मधोमध एकाने उभं राहायचं, त्याच्या हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने ताण ठेवून फिरायचं. शाळेतल्या कंपासपेटीतला कर्कटक माणसांचा केला, एवढंच. कर्कटकाचं एक टोक डेव्ह, एक टोक डग. याला किमान दोघं लागतातच असं नाही, खुंटा ठोकूनही भागतं. पण अंधारात, अनोळखी शेतात, मधोमध आपलं माणूस उभं आहे हे माहीत असणं खुंट्याने कसं भागेल?

सरळ रेषेसाठी डगने केलेली युक्ती मला सगळ्यात आवडते. टोपीच्या पुढच्या पट्टीला तार अडकवायची आणि तिच्या टोकाला छोटं कडं वळवायचं. टोपी घातली की कडं बरोबर डोळ्यासमोर येतं. त्या कड्यातून लांबचं एक झाड किंवा घर पकडायचं आणि ते कड्यातून निसटू न देता चालत राहायचं. रेघ सरळ पडते. पुढे अभ्यासकांनी ज्या रेघांकडे बोट दाखवून ‘माणसाच्या हाताला हे शक्य नाही’ म्हटलं, त्या या तारेच्या कड्यातून आलेल्या होत्या. मी एकदा जुनी टोपी घेऊन हे करून पाहिलं. मोकळ्या मैदानात शंभर पावलं चालले, मागे वळून पाहिलं, दवातली पायवाट दोरी लावल्यासारखी सरळ होती.

पण पिकात पावलांच्या खुणा कशा नसतात?

चाकोऱ्यांमुळे. इथल्या शेतांत फवारणीचा ट्रॅक्टर दर वेळी एकाच मार्गाने जातो, त्यामुळे पिकात चाकांच्या दोन समांतर रेघा कापणीपर्यंत उघड्या राहतात. त्या रेघेतून चालत आत जायचं, ठरल्या जागी काम करायचं, त्याच रेघेतून बाहेर. चाकोरी न सोडता चालणाऱ्याचा माग लागत नाही. विल्टशरमधल्या आकृत्यांचे वरून घेतलेले फोटो नीट बघा, जवळपास प्रत्येक आकृतीला चाकोरी कुठे ना कुठे छेदून गेलेली असते.

एका रात्रीत एवढं कसं होतं?

जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, खरा काळोख अकराला होतो आणि साडेतीन-चारला उजाडायला लागतं. म्हणजे हातात साडेचार-पाच तास. डग आणि डेव्हची वर्तुळं त्या मानाने लहान, दोघांना पुरेशी. हल्लीच्या मोठ्या आकृत्यांना टोळी लागते, आधी कागदावर मापं काढलेली असतात, मोजपट्ट्या असतात आणि कुणी काय करायचं ते ठरलेलं असतं. आपल्याकडे दिवाळीत चार जणी मिळून मोठी ठिपक्यांची रांगोळी काढतात, एक ठिपके मांडते, बाकीच्या जोडत जातात, त्याची आठवण होते. ठिपके चुकले नाहीत तर बाकीचं काम वेगाने होतं. फरक इतकाच की इथे काढणाऱ्याला स्वतःची रांगोळी सकाळपर्यंत दिसत नाही.

लोकांच्या लक्षात लगेच आलं का?

अजिबात नाही, आणि मला वाटतं इथेच दुसरं कुणी सोडून दिलं असतं. पहिली दोन-तीन वर्षं त्यांची वर्तुळं कुणी पाहिलीच नाहीत. सपाट शेतात ती दिसणार तरी कुणाला? शेतकऱ्याने हार्वेस्टर घातला, विषय संपला. मग त्यांनी जागा बदलली. विंचेस्टरच्या पूर्वेला चीझफूट हेड नावाची टेकडी आहे. खाली वाडग्यासारखी खोलगट जमीन आणि वरून जाणारा रस्ता. गाडीतला माणूस खिडकीतून सहज खाली बघतो. 1981 च्या उन्हाळ्यात तिथे वर्तुळं उमटली आणि बातमी झाली.

घरच्यांना ठाऊक होतं?

बराच काळ नव्हतं. डगची बायको आयलीन गाडीचा किलोमीटर, म्हणजे इथल्या भाषेत मैलांचा आकडा बघायची. पबपर्यंत जाऊन यायला इतके मैल कसे होतात? तिला वाटलं, नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे. संशय वाढत गेला तेव्हा डगला तिला सगळं सांगावं लागलं. तोवर ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं.

आयलीनची बाजू या गोष्टीत फार थोडी येते. दर शुक्रवारी रात्री उशिरा परतणारा नवरा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, आणि विचारलं की उत्तर नाही. मित्राबरोबरचं गुपित त्याने इतकी वर्षं सांभाळलं, त्याची किंमत तिने मोजली. डग-डेव्हच्या मैत्रीबद्दल मी कितीही प्रेमाने बोलले तरी ही गोष्ट त्यात धरावीच लागते.

तज्ज्ञ कसे फसले?

तीन नावं लक्षात ठेवा. टेरेन्स मीडन हे हवामानाचे अभ्यासक, वावटळींवर त्यांचं खरंखुरं काम आहे. त्यांनी म्हटलं, की टेकड्यांच्या आडोशाला हवेचे भोवरे तयार होतात आणि तेच पीक गोल झोपवतात. दुसरे पॅट डेलगाडो आणि तिसरे कॉलिन अँड्र्यूज. या दोघांनी वर्षानुवर्षं शेतं पालथी घातली, मापं घेतली, 1989 मध्ये फोटोंचं जाडजूड पुस्तक काढलं, आणि यामागे अज्ञात बुद्धिमान शक्ती असावी अशी मांडणी केली.

वाऱ्याची मांडणी कानावर आली तेव्हा डग आणि डेव्हने आकृत्या बदलल्या. वारा सरळ रेघ काढत नाही, म्हणून त्यांनी सरळ रेघा काढल्या. एकदा चीझफूट हेडच्या उतारावर इंग्रजी अक्षरंही उमटली: ‘वी आर नॉट अलोन’, आपण एकटे नाही. हा संदेश परग्रहावरून आला असता तर ‘तुम्ही एकटे नाही’ असा आला असता, हे तेव्हाही काहींनी दाखवून दिलं. मला मात्र ते वाक्य वेगळं लागतं. रात्री दोनला एकमेकांच्या सोबतीने गव्हात अक्षरं काढणाऱ्या दोघा मित्रांनी लिहिलेलं म्हणून ते वाचून बघा.

जुलै 1990 मध्ये ब्रॅटन गावाजवळच्या टेकडीवर कॅमेरे लावून रात्रंदिवस पहारा ठेवला गेला. लष्कराची उपकरणं होती, बीबीसी होतं, जपानी दूरचित्रवाणी होती. एका सकाळी खरोखरच वर्तुळं दिसली आणि टीव्हीवरून घोषणा झाली. शेतात जाऊन पाहिलं तर प्रत्येक वर्तुळाच्या मध्ये एक खेळाचा पट आणि लाकडी क्रूस ठेवलेला. ते काम डग-डेव्हचं नव्हतं. एव्हाना इतरांनीही फळ्या उचलल्या होत्या.

या अभ्यासकांना मूर्ख म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते प्रामाणिक होते, मेहनती होते. त्यांनी फक्त एक शक्यता लवकर बाद केली, की साउदॅम्प्टनचे दोन चित्रकार मित्र हे सहज करू शकतात.

गुपित फुटलं कसं?

त्यांनी स्वतः फोडलं. 1991 मध्ये डग 67 वर्षांचा होता, डेव्ह 62 चा. अंगात पूर्वीसारखी ताकद नव्हती, आणि त्यांच्या रात्रींवर दुसरीच माणसं पुस्तकं आणि व्याख्यानं करत होती. दोघं ‘टुडे’ या वर्तमानपत्राकडे गेले. नुसतं सांगून कुणी विश्वास ठेवला नसता, म्हणून पत्रकाराच्या देखत केंटमधल्या एका शेतात त्यांनी आकृती केली. डेलगाडोंना ती बघायला बोलावलं. त्यांनी ती अस्सल ठरवली. मग त्यांना खरं सांगण्यात आलं. 9 सप्टेंबर 1991 च्या अंकात पहिल्या पानावर दोघांचा फोटो आला. आपण दोनशेहून अधिक वर्तुळं केली असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या काळातल्या काही आकृत्यांजवळ त्यांनी इंग्रजी ‘डी’ हे अक्षर दोनदा काढून ठेवलं होतं. सही केलेली होती, वाचली कुणी नव्हती.

पुढच्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्रातला इग्नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत म्हणून दिला जाणारा पुरस्कार, जाहीर झाला. मीडन यांनी गुंतागुंतीच्या आकृत्या माणसांच्याच असल्याचं मान्य केलं. अँड्र्यूज यांनी 2000 मध्ये सांगितलं की सुमारे 80 टक्के आकृत्या माणसांनी केलेल्या आहेत. उरलेल्या 20 टक्क्यांवर त्यांनी विश्वास ठेवला.

काड्या पेरातून वाकलेल्या असतात, फळीने तर मोडायला हव्यात ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, नानांनी दिलं.

काही वर्षांपूर्वी वडील इथे आले होते. जुलैचा दुसरा आठवडा होता. एव्हबरीच्या जवळच एका शेतात आकृती झाली होती, चार दिवसांची जुनी. मी त्यांना हात करून दाखवत होते, इथून फिरकी सुरू होते, तिथे संपते. त्यांचं लक्षच नव्हतं. ते उकिडवे बसले आणि लोळलेली एक काडी त्यांनी दोन बोटांत धरली. गहू अजून हिरवट होता, ओंबी दुधातून बाहेर येऊन भरत आलेली. खालून दुसऱ्या पेराशी काडी कोपरासारखी वळली होती आणि पुढचा भाग आभाळाकडे निघाला होता. पेराची खालची बाजू टम्म फुगलेली.

“हे बघ,” नाना म्हणाले, “पेरातून मान उचलतोय. आपल्याकडं फेब्रुवारीत पाऊस झाला का गहू असाच लोळतो, आन् चार दिवसांनी उठायला लागतो. पार पिवळा झाला असता तर नसता उठला.”

फुगलेलं, वळलेलं पेर हाच अज्ञात शक्तीचा पुरावा म्हणून किती तरी लेखांत छापला गेला आहे. काडी आडवी पडली की पेराच्या खालच्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि झाड पुन्हा सरळ व्हायला बघतं. हिरवी काडी लवचीक असते, फळीखाली ती मोडण्याऐवजी दबते. पिवळ्या, वाळत आलेल्या गव्हात मोडलेल्या काड्या भरपूर सापडतात. सोंगणीच्या तोंडावर झालेल्या आकृतीत जाऊन पाहा, पायाखाली कुरकुर वाजतं.

शेतकऱ्याचं नुकसान होतं त्याचं काय?

त्या दिवशी नानांचा दुसरा प्रश्न हाच होता: “मालकाला भरपाई कोण देतं?” कुणी देत नाही. परवानगीशिवाय पीक तुडवणं इथे गुन्हा आहे. 2000 मध्ये एकाला त्याबद्दल 100 पौंडांचा दंड झाला होता. पकडलं जाणं मात्र दुर्मीळ.

आडवं पीक हार्वेस्टरच्या पात्याखाली नीट येत नाही. त्याहून जास्त नासधूस नंतर येणाऱ्या बघ्यांनी होते, कारण ते चाकोरी सोडून चालतात. काही शेतकरी फाटकावर पेटी ठेवतात, आत जाणाऱ्याने पैसे टाकावेत म्हणून. काही जण दुसऱ्याच दिवशी आकृतीवरून यंत्र फिरवून ती पुसून टाकतात. दोघांचंही मला पटतं. नानांनी त्या दिवशी पेटीत टाकायला माझ्याकडून नोट मागून घेतली. डग-डेव्हवर माझा जीव आहे, तरी त्यांनी कुणाच्या तरी पिकात परवानगीशिवाय पाय ठेवला, हे शेतकऱ्याच्या लेकीला विसरता येत नाही.

हे सगळं विल्टशरमध्येच का?

जमीन आणि इतिहास. खडूच्या गोल टेकड्या, मध्ये पसरट शेतं, वरून सगळं दिसतं. सार्वजनिक पायवाटा शेतांमधून जातात. शिवाय हा मुलूख मुळात गूढतेसाठीच लोक बघायला येतात. स्टोनहेंज इथे आहे. एव्हबरीचं अतिभव्य पाषाणवर्तुळ इथे आहे, ज्याच्या पोटात अख्खं गाव वसलंय. सिल्बरी हिल इथे आहे, सुमारे चाळीस मीटर उंचीचा, माणसांनी हाताने रचलेला प्रागैतिहासिक ढीग. टेकड्यांच्या अंगावर गवत खरवडून काढलेले पांढरे घोडे आहेत. जमिनीवर मोठं चित्र काढायचं आणि ते लांबून बघायचं, ही इथली जुनी सवय आहे.

1678 मध्येच असं वर्तुळ दिसलं होतं, हे खरं?

त्या वर्षीची एक छापील पत्रिका आहे, हर्टफर्डशरमधली. ओटच्या कापणीची मजुरी जास्त मागितली म्हणून शेतकरी चिडून म्हणाला, यापेक्षा सैतानाने कापलेलं बरं. त्या रात्री शेत पेटल्यासारखं दिसलं आणि सकाळी पीक गोल गोल कापलेलं. चित्रही आहे. पण गोष्ट कापलेल्या पिकाची आहे, लोळवलेल्या नाही. मला ती मजुरांच्या बाजूने सांगितलेली गोष्ट वाटते.

डग-डेव्हच्या कबुलीनंतर प्रकार थांबला का?

उलट फोफावला. कबुलीने पद्धतच सगळ्यांना कळली. चित्रकार, गणिताची आवड असलेली मंडळी उतरली. 1996 च्या जुलैत स्टोनहेंजसमोर 151 वर्तुळांची वळणदार आकृती झाली. ऑगस्ट 2001 मध्ये मिल्क हिलवर 409 वर्तुळांची सहा हातांची फिरकी उमटली. 2008 मध्ये बार्बरी कॅसलजवळच्या आकृतीत ‘पाय’ या संख्येचे पहिले दहा अंक लपवलेले निघाले. आता जाहिरातींसाठीही पैसे आणि परवानगी देऊन आकृत्या करून घेतल्या जातात. कौशल्य अफाट वाढलं. तरी चौकट्यांच्या दुकानातल्या अडसराने केलेल्या त्या पहिल्या वाकड्या गोलाजवळ माझं मन जास्त रेंगाळतं.

महाराष्ट्रात अशी वर्तुळं का होत नाहीत?

आपली वावरं लहान, बांधाला बांध लागलेला, आणि पिकात रात्रीही कुणी ना कुणी राखणीला किंवा पाणी द्यायला असतं. ज्वारीचं ताट फळीखाली दबणार नाही, उसाचं तर नावच नको. पण शेतात मोठं चित्र काढायची हौस आपल्याकडेही आहे. निलंग्यात धान्य पेरून उगवत्या हिरव्या रोपांतून शिवाजी महाराजांचं प्रचंड चित्र साकारलं गेलं होतं. तिथे पेरून काढलं, इथे लोळवून काढतात. मला पेरून काढलेलं जास्त जवळचं वाटतं.

या मैत्रीवर मराठीत कादंबरी लिहायची असेल तर?

जरूर लिहा, मी वाट बघते. माझं एकच मागणं आहे, गूढाच्या मागे लागू नका. गाडीत बसून पब रिकामा व्हायची वाट बघणारे दोघं लिहा. कोण आधी थकतो, कोण ते दाखवत नाही, ते लिहा. पहिली दोन-तीन वर्षं कुणीच पाहिलं नाही, त्या वर्षांना निदान तीन प्रकरणं द्या, कारण मैत्री तिथे ठरली. बघणारं कुणी नसताना दोघांनी एकमेकांचं काम पाहिलं. आयलीनला एक पूर्ण प्रकरण द्या, तिच्या तोंडून. आणि गोष्ट हॅम्पशरमध्येच ठेवा. तिला उचलून आपल्या मातीत लावायला गेलात तर ती कोमेजेल, कारण ती उशिरा मावळणारा सूर्य, खडूच्या टेकड्या आणि शुक्रवारचा पब यांवरच उभी आहे.

डेव्ह 1996 मध्ये गेला. डग 2018 पर्यंत जगला, 94 वर्षांचा झाला. मधल्या 22 वर्षांचं काय करायचं, हे कादंबरीकाराला ठरवावं लागेल.

बघायला कधी आणि कसं जावं?

मेच्या सुमाराला पिवळ्या फुलांच्या तेलबियांच्या पिकात, मग सातूमध्ये, आणि जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत गव्हात. गहू सगळ्यात चांगला. स्विंडनहून डिव्हायझेसकडे जाणारी 49 नंबरची बस एव्हबरीला थांबते. लंडनहून आगगाडीने यायचं तर पॅडिंग्टनहून प्यूझीला उतरा. हनीस्ट्रीटला कालव्याकाठी बार्ज इन नावाचा पब आहे, वर्तुळांच्या नादी लागलेली माणसं तिथे जमतात. ताज्या आकृत्या कुठे झाल्यात ते तिथे कळतं.

मालकाची हरकत नसेल तरच आत जा. चाकोरीतूनच चाला. पेटी असेल तर पैसे टाका. अर्ध्या चड्डीत जाऊ नका, सातूची कुसळं पायाला ओरखडे काढतात. सकाळी लवकर गेलात तर बूट भिजतील, पण दवाचा आणि दबलेल्या हिरव्या काडाचा वास मिळेल. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत वावरात शिरल्यावर येतो, त्याच्या जवळचा.

वर्तुळ किती दिवस टिकतं?

हार्वेस्टर येईपर्यंत. एक दिवस किंवा सहा आठवडे. धस्कटातही आकृती थोडे दिवस ओळखू येते. कधी कधी पुढच्या हंगामातही दिसते. आडव्या पिकातले दाणे तिथेच सांडलेले असतात, माती पायांनी दाबली गेलेली असते, त्यामुळे नवं पीक उगवताना तेवढ्या भागात रंग आणि उंची वेगळी पडते. नानांना ज्या शेतात नेलं होतं तिथे पुढच्या एप्रिलमध्ये मी मुद्दाम गेले. टेकडीवर चढून पाहिलं. हिरव्या वावरात थोडा गडद, पुसटसा गोल होता. मी फोनवर फोटो काढून निफाडला पाठवला. नानांचा लगेच फोन आला, आणि त्यांनी विचारलं, या वर्षी तिथे काय पेरलंय.